लाईट येते, फॉल्ट तसाच राहतो : उपविभागाच्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
वीज वितरण उपविभाग, कोकण किनारपट्टी

विषय : ११ केव्ही फीडर (सबस्टेशनातून गावांकडे येणारी मुख्य लाइन) आणि गावातल्या डीप्यांवर (ट्रान्सफॉर्मरवर) वारंवार जाणारी लाईट

महोदय,

दिवाळी झाली, पाऊस पुरता गेला, झाडांखालची वाट वाळली. पुढच्या पावसाळ्याचे बोलायचे तर ते आता. मेच्या शेवटच्या आठवड्यात ‘पावसाळापूर्व देखभाल’ म्हणून दिवसभर लाईट बंद ठेवून जे होते, त्यात फांद्या तोडण्यापलीकडे फारसे काही बसत नाही.

लाईट का जाते असे विचारले की उत्तर ठरलेले : वारा होता, पाऊस होता, झाड पडले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने खांब आडवे केले, मे २०२१ मध्ये तौक्ते घासून गेले. त्यांचा हिशेब वेगळा आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण वारा पडलेला, पाऊस नुसता भुरभुरतोय आणि रात्री साडेअकराला फीडर बसतो, म्हणजे आपोआप बंद पडतो (ट्रिप होतो), तेव्हा वादळाचे नाव घेता येत नाही. सकाळी ऊन पडले की तोच फीडर निमूट चालतो आणि वहीत नोंद होते, ‘ट्रिप, टेस्ट घेतली, चालू’. आमचे म्हणणे एवढेच आहे की लाईट परत आणणे हे एक काम आणि फॉल्ट काढणे हे दुसरे. आपल्या उपविभागात पहिले काम मन लावून होते, दुसरे राहून जाते. राहिलेला प्रत्येक फॉल्ट पुढच्या सरीला पुन्हा हजर.

रात्रीच्या त्या ट्रिपचे कारण बहुतेक वेळा चिनी मातीच्या पिन इन्सुलेटरवर, म्हणजे खांबावर लोखंडी पिनेवर बसून तार धरणाऱ्या तुकड्यावर असते. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात सात-आठ महिने खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा थर बसवतो, त्यावर रस्त्याची तांबडी धूळ. कोरडे असताना या थराचा त्रास नाही. भुरभुर पावसात तो नुसता ओला होतो, धुऊन जात नाही, आणि तारेतून पिनकडे प्रवाह झिरपू लागतो. जोराच्या सरीत थर वाहून जातो, म्हणून मोठ्या पावसात लाईट टिकते आणि बारीक पावसात जाते. लोकांना हा चमत्कार वाटतो, चमत्कार कसला! दुसरा प्रकार तडकलेल्या इन्सुलेटरचा. बाइंडिंगच्या (तार बांधलेल्या जागेच्या) खाली केसाएवढी चीर असते, खालून दिसत नाही. ओलाव्यात ती पाणी धरते, उन्हात सुकते. सकाळी दहाला मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावला तर वाचन उत्तम येते आणि शेरा पडतो, ‘दोष आढळला नाही’.

अशा इन्सुलेटरला पकडायचे तर तो ओला असतानाच. पहिल्या भुरभुरीला, काळोखात, बॅटरी विझवून दोन माणसांनी लाइनखालून चालत जायचे. खराब इन्सुलेटरवर चर्र आवाज येतो, निळसर ठिणगी बारीक सरकताना दिसते. खांबाचा नंबर लिहून घ्यायचा, वर चढायचे नाही. दुसऱ्या दिवशी परमिट (लाइन बंद करून कामाची परवानगी) घेऊन तेवढेच बदलायचे. एका फीडरला अशा दोन रात्री पुरतात. जेटीकडच्या आणि खाडीकाठच्या गाळ्यांत (दोन खांबांमधल्या टप्प्यांत) मात्र एकेक बदलत बसू नये. तिथे ११ केव्हीच्या लाइनवर २२ केव्ही वर्गाचे किंवा पॉलिमरचे इन्सुलेटर सरसकट घालावेत. पृष्ठभागावरून प्रवाहाला सरकावे लागणारे अंतर त्याने जवळपास दुप्पट होते. खर्च जास्त आहे, मान्य. पण सगळ्या फीडरला घाला असे आम्ही म्हणत नाही, खाऱ्या तोंडावरचे खांब तेवढे मोजून काढा.

आता ‘टेस्ट घेतली’ या शब्दांविषयी. फीडर बसला की सबस्टेशनातला ऑपरेटर ब्रेकर (फीडरचा स्विच) मारून बघतो, राहिला तर राहिला. न राहिल्यास पंधरा मिनिटांनी पुन्हा. वरून फोन येत असतात, त्या बिचाऱ्याचा दोष नाही. पण सबस्टेशनातल्या ५ एमव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्ही बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण २६२ अँपियर. जवळच्या खांबावर थेट शॉर्ट असेल तर तोच ट्रान्सफॉर्मर तीन-साडेतीन हजार अँपियर ढकलू शकतो. या धक्क्याचा जोर प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे प्रत्येक आंधळ्या टेस्टमध्ये वाटेतला प्रत्येक पिळलेला जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) थोडा सैल होतो, ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग थोडी हलते. तीन टेस्ट मारून फीडर उभा राहिला तर सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि आठवड्याने दोन किलोमीटर पुढे जंप तुटतो. तो तोडला कोणी, हे वहीत कुठेच नसते.

टेस्ट मारूच नये असे नाही. एकदा मारावी, आणि त्यानंतर लाइन तुकड्यांत पाडून शोधावी. त्यासाठीच फीडरवर एबी स्विच (खांबावरचे, हँडलने उघडायचे स्विच) असतात. वीस-पंचवीस किलोमीटरच्या फीडरला चार स्विच धड असतील तर मधला उघडायचा, सबस्टेशनकडचा अर्धा चार्ज करायचा. राहिला तर फॉल्ट पुढे, म्हणजे पुढच्या अर्ध्याचा अर्धा. तीन हालचालींत पाच-सहा किलोमीटरचा तुकडा हाती येतो आणि बाकीच्या गावांची लाईट तासाभरात लागते. प्रत्यक्षात काय? ब्लेड गंजून एकमेकांना चिकटलेले, हँडलला कुलूप आणि किल्ली निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी, नाहीतर एक फेज उघडतो आणि दोन तसेच. मग स्विच कायमचा जंप मारून बंद करतात आणि पूर्ण लाइन पायी चालणे नशिबी येते, तेही रात्री, घाटीतून. कोणत्याही नव्या योजनेआधी मार्चपर्यंत प्रत्येक फीडरवरचे सगळे एबी स्विच एकदा उघडून-मिटून पाहावेत, ब्लेड घासून ग्रीस लावावे, तिन्ही फेज एका वेळी सुटतात का ते बघावे. एका स्विचला दोन माणसे आणि अर्धा दिवस. फॉल्ट कुठून गेला हे दाखवणारे लुकलुकते इंडिकेटर फाट्या-फाट्यावर बसवता आले तर सोन्याहून पिवळे, पण स्विचच उघडत नसेल तर इंडिकेटर काय कामाचा?

फीडर चालू असून वाडीत अंधार, हा त्रास वेगळा, आणि त्याचे मूळ डीपीत आहे. १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीचा एलटी (कमी दाबाच्या, घरांकडच्या) बाजूचा पूर्ण प्रवाह १३३ अँपियर प्रत्येक फेजला. संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळात टाँग टेस्टर (तारेभोवती धरून प्रवाह मोजायचा चिमटा) लावला की बऱ्याच डीप्यांवर असे काहीसे दिसते : आर फेज १६५, वाय ८०, बी ५५. बेरीज ३००, सरासरी १००. कागदावर डीपीला जागा शिल्लक आहे. पण आर फेजची वाइंडिंग सव्वापट भाराने चालली आहे, म्हणजे तिच्यात दीडपट उष्णता होते आहे. शिवाय या असमतोलामुळे न्यूट्रलमधून जवळजवळ १०० अँपियर वाहतात, आणि न्यूट्रलचा जोड बहुधा नुसता हाताने पिळलेला. ही डीपी जळाली की ‘ओव्हरलोड, क्षमता वाढ प्रस्तावित’ असा अहवाल जातो आणि २०० केव्हीएची वाट पाहत वर्ष निघते. खरे तर रस्त्याच्या एका बाजूच्या दहा-बारा सर्व्हिस (घरांच्या जोडण्या) आरवरून बीवर घेतल्या की काम झाले. एक शिडी, दोन माणसे, एक दिवस. आमच्याकडे हे मोजमाप मे महिन्यात आणि गणपतीत करायला हवे, कारण वर्षभर कुलूप असलेली घरे तेव्हाच उघडतात. चाकरमानी आले की पंखे, फ्रिज, गिझर, मंडपाची रोषणाई सगळे एकाच आठवड्यात. जानेवारीत मोजून ‘भार योग्य’ लिहिण्याला अर्थ नाही.

फ्यूजचा विषय नाजूक आहे, पण बोलावाच लागेल. डीपीतून दोन सर्किट निघत असतील तर एकेका किटकॅटच्या (तारेच्या फ्यूजच्या) वाट्याला साधारण ६७ अँपियर. त्यात योग्य जाडीची कल्हईची तांब्याची तार हवी. ती रीळ सेक्शनला वेळेवर मिळत नाही, म्हणून वीझल कंडक्टर (लाइनची पिळाची तार) उसवून त्यातला ॲल्युमिनियमचा धागा टाकतात. तो धागा अडीच मिलिमीटरहून थोडा जाड. तो वितळायला अंदाजे अडीचशे अँपियर लागतात. दोन धागे एकत्र पिळले की पाचशे. पुढे एलटीची तार तुटून ओल्या कुंपणावर पडली तरी हा फ्यूज ढिम्म हलत नाही. मग उडतो तो वरचा डीओ (११ केव्ही बाजूचा फ्यूज), नाहीतर ट्रान्सफॉर्मर स्वतः. काही मीटर तारेची बचत, आणि त्यापायी गुरे दगावतात, माणसे जातात. वायरमनला मेमो देऊन हे थांबणार नाही. प्रत्येक वायरमनच्या पिशवीत दोन जाडीच्या तारांची रीळ असली, ती संपण्याआधी दुसरी मिळाली, की थांबेल.

ट्रान्सफॉर्मरच्या एलटी बुशिंगवर (तार बाहेर येते त्या चिनी मातीच्या नळीवर) तांबे-पितळेचा स्टड आणि त्याला ॲल्युमिनियमची केबल, मध्ये बायमेटल लग (दोन्ही धातूंना चालणारा जोड) नाही, हे दृश्य इतके सर्रास आहे की कोणाच्या डोळ्यांना खुपत नाही. दोन धातू आणि मध्ये खारा दमट वारा : सांध्यावर पांढरी पूड धरते, विरोध वाढतो, सांधा तापतो, ताप-गार होऊन नट ढिला पडतो, बुशिंगचे वॉशर करपते आणि तेल गळू लागते. रोहित्राखाली (ट्रान्सफॉर्मरखाली) तेलाचा काळा डाग दिसला की सुरुवात या लगपासून झाली असेल असे खुशाल समजावे. तशीच गत ब्रीदरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या श्वासनळीवरच्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बरणीची. रात्री ट्रान्सफॉर्मर गार होतो तेव्हा ब्रीदरमधून हवा आत ओढतो. सिलिका जेल निळे असेल तर ओल तिथेच अडते. गुलाबी पडलेले असेल, किंवा बरणीच फुटलेली असेल, तर कोकणातली पावसाळी हवा थेट तेलात. तेलाचा बीडीव्ही (किती दाबाला तेल फुटते तो आकडा) ३० केव्हीच्या खाली गेला की ट्रान्सफॉर्मर उधारीवर जगत असतो. पाव-अर्धा किलो सिलिका जेल आणि तळाच्या वाटीत थोडे तेल, एवढ्यावर हे भागते. घरोघरी स्मार्ट मीटर लावायला माणसे मिळतात, ब्रीदर भरायला मिळत नाहीत, हे काही आम्हाला उमगलेले नाही.

न्यूट्रल तुटण्याने जे नुकसान होते त्याची तर कोणी भरपाईही मागत नाही, कारण लोकांना वाटते ‘जास्त लाईट आली’. लाईट जास्त आलेली नसते. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे एकामागोमाग जोडल्यासारखी होतात आणि फेज-फेजमधले चारशे व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ज्याच्याकडे गिझर चालू, त्याच्या वाट्याला थोडे. ज्याच्याकडे नुसता टीव्ही आणि दोन दिवे, त्याच्या वाट्याला तीनशेच्या वर. म्हणून एका घरात दिवे मंदावतात आणि त्याच क्षणी शेजारी लखलखतात. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे : असे दिसले की फोन शोधू नका, आधी मेन स्विच पाडा. उपविभागाने करायचे ते असे की न्यूट्रलचा प्रत्येक सांधा पीजी क्लॅम्पने (नट-बोल्टच्या पकडीने) घ्यावा, पिळून नव्हे, आणि एलटी लाइनच्या शेवटच्या खांबावर न्यूट्रलला अर्थिंग द्यावे.

अर्थिंग म्हटले की कातळाचा मुद्दा येतो. देशावर अडीच-तीन मीटरचा खड्डा, कोळसा-मीठ, पाइप आणि वर पाणी, एवढ्यात पाच ओहमच्या आत बसते. इथे सड्यावर (कातळाच्या पठारावर) हातभर मातीखाली जांभा लागतो. कंत्राटदार दीड फुटावर थांबतो, पाइप कापून टाकतो आणि बिल तीन मीटरचे. पावसाळ्यात मोजले तर ओल्या जांभ्यात वाचन बरे येते, म्हणून मोजणी एप्रिल-मेमध्येच हवी. सड्यावरच्या डीप्यांना बोअर मारून खोल पाइप घालावा, किंवा जीआयची पट्टी उताराने नेऊन मातीच्या बागायतीत पुरावी. लायटनिंग अरेस्टरचे (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या साधनाचे) अर्थिंग वेगळे आणि सरळ खाली हवे. तशात मे-जून आणि परतीच्या पावसात सड्यावर विजा किती पडतात हे सांगायला नको. अरेस्टर फुटला की त्याचा जंप काढून लाइन चालू करायची पद्धत आहे. तातडीला ठीक. पण तो अरेस्टर पुन्हा बसला का, हे पाहणारी व्यवस्था नाही, आणि पुढची वीज सरळ ट्रान्सफॉर्मरवर उतरते. विना-अरेस्टर डीप्यांची यादी करा. लांबलचक निघेल.

झाडांबाबत थोडे आमचेही चुकते. आंबा उतरेपर्यंत कोणी फांदीला हात लावू देत नाही, आणि लावू देऊ नयेच. पण २५ मेनंतर कलमाच्या मालकाने स्वतःहून सांगायला हवे. नारळाच्या झावळ्यांना तोडणी हा उपाय पुरत नाही, त्या पडायच्याच. माडांच्या बागेतून जाणाऱ्या एलटीला एबी केबल (वेष्टन असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) हाच इलाज. तिथेही पिअर्सिंग कनेक्टर (वेष्टन न सोलता दात रोवून जोड देणारी पकड) नीट न आवळता इन्सुलेशन सोलून तार गुंडाळली की दोन पावसाळ्यांत केबल आतून कुजते. बांबूचे गणित आणखी वेगळे. माणगा आणि चिव्याचे कोंब पावसातच फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत पुरी उंची गाठतात. मेमध्ये साफ केलेली बेटे ऑगस्टमध्ये ११ केव्हीला टेकतात. ऐन गणपतीत फीडर बसण्याचे हे एक ठरलेले कारण आहे. तेव्हा बांबूच्या गाळ्यांची दुसरी तोडणी श्रावणात, गणपतीच्या पंधरा दिवस आधी ठेवा.

अलिबागेत, रत्नागिरीत भूमिगत वाहिन्यांची कामे झाली, तशी इथेही करा अशी मागणी सभांत होते. आम्ही ती या पत्रात मुद्दाम घेतलेली नाही. केबलचा जॉइंट ढिसाळ भरला तर फॉल्ट जमिनीखाली जातो आणि शोधायला यंत्राची गाडी बोलवावी लागते. ज्या यंत्रणेला वरचा जंप क्लॅम्पने घ्यायला सवड नाही, तिने आधी तो घ्यावा.

वायरमनांविषयी दोन शब्द. त्यातले बरेचसे कंत्राटी, एकेकाकडे पाच-सात गावे, रात्री एकटा. परमिट फोनवर, डिस्चार्ज रॉड (बंद लाइन अर्थ करायची काठी) ऑफिसात, हातमोजे फाटके. लाइन बंद आहे असे समजून चढावे आणि कोणाच्या तरी जनरेटरमधून उलटा पुरवठा यावा, हे घडते. ज्या हॉटेलांत, मंगल कार्यालयांत, बर्फाच्या कारखान्यांत जनरेटर आहे तिथे चेंजओव्हर स्विच (जनरेटर आणि लाइन एका वेळी जोडू न देणारा) आहे की नाही याची तपासणी आपण करावी. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाइन अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नाही, मग गाव अर्धा तास जास्त अंधारात बसले तरी चालेल. गावाच्या वतीने हे आम्ही लिहून देतो. वीज चमकत असताना ‘चढ वर’ म्हणून वायरमनला दमात घेणाऱ्यांची बाजू आम्ही घेणार नाही.

कायदा आम्हाला ठाऊक आहे हेही नोंदवतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये सेवेची मानके आणि ती न पाळल्यास भरपाई आहे. कलम ४२ मध्ये गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. राज्य आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत कोणते काम किती तासांत हे दिले आहे. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलायचे, हे आता शाळेतली पोरेही सांगतात. पण भरपाईच्या पैशात आम्हाला रस थोडा, नोंदीत जास्त. विश्वासार्हतेचे (लाईट किती वेळा आणि किती वेळ गेली याचे) आकडे फीडरवरून निघतात. फीडर चालू आणि वाडीची डीपी बंद, तर तो अंधार आकड्यात दिसत नाही. आणि ‘तात्पुरता दोष’ या दोन शब्दांत चिरलेला इन्सुलेटर, सैल जंप, बांबू, खांबावर चढलेली घोरपड, सगळे एकत्र पुरले जाते.

म्हणून मागणी एकच आहे आणि ती बिनखर्चाची आहे. प्रत्येक फीडरसाठी एक वही. तारीख, किती वाजता बसला, किती वाजता लागला, कितव्या खांबावर काय सापडले, तात्पुरते काय केले, पक्के कधी केले. शेवटचा रकाना रिकामा असेल तर तो फॉल्ट उघडाच समजायचा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. संध्याकाळी साडेसातला डीपीवर टाँग टेस्टर लावताना सोबत उभे राहायला, शिडी धरायला, खांबांचे नंबर रंगवायला प्रत्येक वाडीतून दोन माणसे द्यायची तयारी आहे. डिसेंबरमधला कोणताही वार सांगा.

कळावे,

तालुक्यातील वीजग्राहक, परवानाधारक वायरमन आणि निवृत्त लाइनमन

ता. क. – जेटीच्या वळणावरच्या डीपीच्या ब्रीदरची बरणी फुटली आहे आणि नळीच्या तोंडाला फडके बांधलेले आहे. ते काढून बरणी बसवायला डिसेंबरची वाट पाहू नये.